टिमिन्सची रेल्वे परत येणार का, आणि तिच्या भरवशावर राहावं का?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही उत्तर ऑन्टारियोत टिमिन्सला राहता. मिस्टर खाणीत आहेत. सासूबाई पीआर होऊन कायमच्या तुमच्याकडे आल्या आहेत आणि दर तीन महिन्यांनी त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी टोरांटोला न्यावं लागतं. सातशे किलोमीटरचा रस्ता, त्यातला मोठा भाग अकरा नंबरचा दुपदरी हायवे, हिवाळ्यात समोरून येणाऱ्या ट्रकचा बर्फ काचेवर. टोरांटोची रेल्वे पुन्हा सुरू होणार असं ऐकताय, ते खरं का, हा पहिला प्रश्न. तुमची मैत्रीण हर्स्टला आहे, तिकडची सू सेंट मेरीची गाडीही परत येईल का, हा दुसरा. आणि तिसरा, भारतात खेडोपाडी गाडी जाते, मग एवढ्या श्रीमंत देशाला ती का परवडत नाही?

मी कोण ते आधी सांगतो. मध्य रेल्वेत सोलापूर विभागात नऊ वर्षं पी-वेला होतो, म्हणजे रूळ, खडी, स्लीपर, गस्त हे काम. गेली सतरा वर्षं कॅनडात तेच करतो, शिवाय उत्तरेकडच्या मार्गांवर प्रवासी गाडी चालवता येईल का याचे अहवाल लिहिणाऱ्या गटांत असतो. तुमची गाडी जे महामंडळ चालवणार आहे त्याचा मी नोकर नाही, त्यामुळे जे वाटतं ते मोकळेपणी लिहितो.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरं तर दोन प्रश्न आहेत. गाडी येईल का, हा सोपा. आलेली गाडी दहा वर्षांनीही चालू असेल का आणि जानेवारीत वेळेवर पोचवेल का, हा अवघड. हृदयाच्या पेशंटला तुम्ही गाडीने न्यायचं ठरवताय, म्हणून तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर जास्त लागणार आहे.

पहिल्याचं उत्तर: होय, येतेय. 'नॉर्थलँडर' नावाची ही गाडी टोरांटो ते कॉक्रेन धावायची आणि २८ सप्टेंबर २०१२ ला बंद झाली. टिमिन्सचे लोक मॅथेसनपर्यंत बसने जाऊन ती पकडायचे. २०२२ मध्ये प्रांताने ती परत आणायचा निर्णय पैशांसकट जाहीर केला: आधी साडेसात कोटी डॉलरची तरतूद, मग त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सीमेन्सकडून तीन नव्या गाड्यांची १३ कोटी ९५ लाख डॉलरची खरेदी. टोरांटोच्या युनियन स्टेशनपासून सोळा थांबे, आणि या वेळी गाडी थेट टिमिन्सपर्यंत येणार, कॉक्रेनला पुढे जोड. मोसमाप्रमाणे आठवड्यातून चार ते सात दिवस. टोरांटो ते टिमिन्स प्रवास दहा ते अकरा तासांचा धरलाय. सुरू करण्यासाठी २०२६ साल सांगितलेलं आहे. नव्या गाड्यांच्या चाचण्या आणि चालकांचं प्रशिक्षण नेहमी वेळ खातं, त्यामुळे तारखेत थोडं मागेपुढे झालं तर दचकू नका. गाड्या विकत घेतल्या आहेत, स्टेशनांची कामं सुरू झाली आहेत. एवढं झाल्यावर सरकार बदललं तरी प्रकल्प गुंडाळणं जड जातं. फाइलमधली गाडी रद्द करायला एक सही पुरते. फलाट बांधून झाला की गावकरी तो रोज बघत असतात.

आता अवघड प्रश्नाकडे. त्यासाठी ही गाडी गेली कशी ते समजून घ्यावं लागेल, कारण ज्या कारणाने गेली ते कारण अजून जिवंत आहे.

२०१२ मध्ये सरकारने सांगितलं की प्रत्येक प्रवाशामागे जवळपास ४०० डॉलर घालावे लागतात. हा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला आणि चर्चा तिथेच संपली. चारशे डॉलर म्हटल्यावर दक्षिणेतल्या करदात्याला राग येणारच. पण तो आकडा काढतात कसा? एकूण खर्च भागिले प्रवासी. त्या एकूण खर्चात रुळांची देखभाल आली, पूल आले, सिग्नल आले, ऑफिस आलं. टोरांटो आणि टिमिन्सच्या मधल्या नॉर्थ बे गावाच्या उत्तरेला त्याच रुळांवरून लाकूड आणि खनिजाच्या मालगाड्या धावतात. प्रवासी गाडी काढून टाकली म्हणून तिथला एकही पूल काढून टाकता येत नाही. म्हणजे गाडी बंद केल्यावर वाचणारा खर्च हा त्या सरासरी खर्चापेक्षा बराच कमी असतो. अशा प्रत्येक अहवालात आम्ही हे दोन आकडे वेगळे काढतो, आणि प्रत्येक वेळी पत्रकार परिषदेत पहिलाच सांगितला जातो.

हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, त्याचा हिशेब नंतर लागला. त्या वेळी नुसती गाडी नव्हे, ती चालवणारं अख्खं ऑन्टारियो नॉर्थलँड महामंडळ मोडीत काढायचं ठरलं होतं. त्यातून २६ कोटी ५९ लाख डॉलर वाचतील असा सरकारचा अंदाज होता. २०१३ च्या डिसेंबरमध्ये प्रांताच्या महालेखापालांचा अहवाल आला. वाचण्याऐवजी खर्चच ८२ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असं त्यात निघालं. कर्मचाऱ्यांची देणी, पेन्शन, करार मोडण्याचे पैसे, हे कुणी नीट धरलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी रेल्वे आणि बस न विकण्याचा निर्णय झाला. पण प्रवासी गाडी तोवर गेली होती, आणि गेलेली गाडी परत आणायला दहाहून जास्त वर्षं आणि वीस कोटींहून जास्त डॉलर लागले.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. भारतात परवडतं, इथे का नाही? खरं सांगायचं तर भारतातही परवडत नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रेल्वेचं जुनं तिकीट सापडलं तर नीट बघा. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला तिकिटातून मिळतात, असं त्यावर छापलेलं असायचं. उरलेलं कोळशाच्या, सिमेंटच्या, धान्याच्या वाघिणी भरून काढतात. मालगाडी कमावते आणि पॅसेंजर खाते, एकाच घरात. घर एकच असल्यामुळे भांडण बाहेर येत नाही. कॅनडात हे घर फार पूर्वी फुटलं. मालगाड्या आणि रूळ सीएन आणि सीपी या कंपन्यांकडे राहिले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी गाड्या 'व्हिया रेल' नावाच्या सरकारी कंपनीला दिल्या. कमावता भाऊ वेगळा झाला आणि म्हातारे आईवडील सरकारच्या दारात गेले, असं समजा. तेव्हापासून इथल्या प्रत्येक प्रवासी गाडीचा तोटा दरवर्षी बजेटात उघडा दिसतो आणि दरवर्षी कुणाला तरी तो कापावासा वाटतो. १९९० च्या जानेवारीत एका फटक्यात व्हियाच्या जवळपास निम्म्या गाड्या बंद झाल्या.

माणसं किती, तेही बघू. नव्या नॉर्थलँडरसाठी २०४१ पर्यंत वर्षाला ४० ते ६० हजार प्रवासी धरले आहेत. रोज गाडी धरली तर एका दिशेला दिवसाला साधारण ५५ ते ८२ माणसं. आपल्या जुन्या धाटणीच्या एका स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. म्हणजे एक डबाभर माणसांसाठी साडेसातशे किलोमीटरची गाडी. तिकिटावर ती कधीच चालणार नाही. हे मान्य करून, रस्त्यासारखी आणि दवाखान्यासारखी सोय म्हणून ती चालवायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. अकरा नंबरच्या हायवेवर बर्फ उपसणारा नांगर किती पैसे कमावतो, हे कुणी विचारत नाही ना, तसंच.

आता वेळेवर पोचण्याचं. सासूबाईंच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, म्हणून जरा खोलात जातो.

तुमची गाडी तिघांच्या रुळांवरून धावणार आहे. टोरांटोजवळचा तुकडा तिथल्या लोकल चालवणाऱ्या मेट्रोलिंक्सचा, तिथून नॉर्थ बेपर्यंत सीएनचा, आणि नॉर्थ बेच्या वर ऑन्टारियो नॉर्थलँडचा स्वतःचा. वरच्या भागाची मला काळजी नाही, तिथे घरचा कारभार आहे. वॉशॅगो ते नॉर्थ बेही मालगाड्या कमीच. खरी कसोटी टोरांटो ते वॉशॅगो या दीडशेएक किलोमीटरमध्ये आहे, कारण तीच सीएनची पश्चिमेला व्हँकुव्हरकडे जाणारी मुख्य लाइन.

आपल्याकडे कंट्रोलर मालगाडीला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकतो आणि एक्सप्रेस पुढे काढतो. मी सोलापूरला असताना मालगाडी लूपमध्ये चार-चार तास उभी राहायची आणि गार्ड खाली उतरून सावलीला बसायचा. इथे उलटं आहे, आणि त्याचं कारण कुणाचा आकस नाही, लांबी आहे. मालगाड्या आता तीन-तीन किलोमीटरच्या झाल्या आणि बऱ्याच लूप त्याहून आखूड आहेत. तीन किलोमीटरची गाडी दोन किलोमीटरच्या लूपमध्ये मावत नाही. मग लूपला जाते ती छोटी प्रवासी गाडी, आणि समोरची तीन किलोमीटर सरकून जाईपर्यंत थांबते. थंडीत त्यात आणखी भर पडते. उणे २५ च्या खाली पारा गेला की ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब शेवटच्या वाघिणीपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून मालगाड्या आखूड कराव्या लागतात. तेवढाच माल मग जास्त गाड्यांतून जातो, आणि जास्त गाड्या म्हणजे समोरच्या गाडीला वाट देत थांबणं जास्त. तुम्हाला रेल्वेची सगळ्यात गरज असते ती जानेवारीतच, आणि लाइन सगळ्यात तुंबते तीही जानेवारीतच.

आणखी एक बाब आहे, तिच्याबद्दल बातम्यांत फारसं येत नाही. गाडी रुळावर आहे हे सिग्नलला आणि फाटकाला कळतं ते चाकांमुळे. दोन रुळांत हलका विजेचा प्रवाह सोडलेला असतो, चाकं आणि आस (दोन चाकं जोडणारा दांडा) तो जोडतात, आणि फाटकाची घंटा वाजू लागते. गाडी जड आणि लांब असली की हे हमखास होतं. हलकी आणि छोटी असली, रुळावर गंज किंवा पाचोळ्याचा थर असला, तर एखाद्या वेळी संपर्क निसटतो. याच कारणावरून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सीएनने व्हियाच्या नव्या गाड्यांवर फाटकांपाशी बंधनं घातली, ३२ पेक्षा कमी आस असलेल्या गाड्यांसाठी. व्हियाच्या मॉन्ट्रियल-टोरांटो गाड्या उशिरा धावू लागल्या, आणि प्रकरण कोर्टात गेलं. नॉर्थलँडरच्या गाड्या त्याच जातीच्या आहेत: एक इंजिन, तीन डबे, म्हणजे १६ आस. यावर तांत्रिक उपाय आहेत आणि ते होतीलही. पण गाडीच्या रंगाचे आणि खुर्च्यांचे फोटो बघताना मी मनात आधी आस मोजतो.

एक चांगली गोष्टही सांगतो. नॉर्थ बेला सीएनच्या रुळावरून ऑन्टारियो नॉर्थलँडच्या रुळावर जायला सांध्यांची (रूळ बदलायच्या जागांची) मोठी खटपट करावी लागायची. आता तिथे एक छोटा जोडरूळ टाकण्याचं ठरलं, त्यातून साधारण पंधरा मिनिटं वाचतात. तुम्हाला पंधरा मिनिटं किरकोळ वाटतील. पण असा तुकडा टाकायला जो पैसे काढतो तो गाडी वर्षभरात बंद करायच्या विचाराने काढत नाही. माझ्या लेखी हा शुभशकुन आहे.

थंडीबद्दल एक जुनी गोष्ट इथल्या रेल्वेतल्या माणसांच्या तोंडी अजून असते. १९७७ मध्ये नॉर्थलँडरसाठी युरोपातून वापरलेल्या, फार देखण्या डिझेल गाड्या आणल्या, ट्रान्स-युरोप एक्सप्रेसच्या. त्यांची पुढची इंजिनं इथल्या हिवाळ्यात टिकली नाहीत. काही वर्षांतच ती काढून जुनी अमेरिकन धाटणीची इंजिनं लावावी लागली. डबे मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. या वेळी घेतलेल्या गाड्या थंडीचा विचार करून बनवल्या आहेत, मला त्यांच्याबद्दल तशी शंका नाही. पण नवी गाडी आणि पहिला हिवाळा यांची गाठ पडेपर्यंत कुणीच छातीठोकपणे बोलू नये. उणे ३५ ला सांध्यावर काम केलंय मी. रुळाची जीभ सरकायच्या फटीत बर्फ घट्ट बसतो. गॅसचा हीटर चालू असला तरी जाणाऱ्या गाडीच्या पोटाखालून पुन्हा गठ्ठा पडतो. मग एक जण झाडूने खरवडतो, दुसरा टॉर्च धरतो, आणि हातमोजा काढून नट आवळायचा तर मोजून अर्धा मिनिट मिळतो. त्या अर्ध्या मिनिटावर तुमची गाडी अवलंबून असते. म्हणून मी कुठल्याही प्रकल्पात विचारतो, गाडी किती कोटींची ते राहू द्या, नॉर्थ बे ते टिमिन्स रात्री दोन वाजता ड्यूटीवर किती माणसं असतील?

इथवरचं थोडक्यात: तुमची गाडी येतेय. पैसे आणि गाड्या आहेत. धोका दोन ठिकाणी आहे, दरवर्षीच्या चालू खर्चाच्या तरतुदीत आणि दक्षिणेकडच्या दीडशे किलोमीटरमध्ये.

आता हर्स्ट. तुमच्या मैत्रिणीला मी आशा लावणार नाही.

सू सेंट मेरी ते हर्स्ट ४७६ किलोमीटर. अल्गोमा सेंट्रलची ही गाडी जंगलातून जायची. वाटेत रस्ता नसलेली वस्ती, शिकारीच्या झोपड्या, तळ्याकाठची छोटी विश्रामगृहं. हात केला की थांबायची. केंद्र सरकार वर्षाला २२ लाख डॉलर द्यायचं. २०१४ च्या सुरुवातीला ते बंद करण्याचं जाहीर झालं. ओरड झाल्यावर एक वर्ष मुदत वाढली, नवा चालवणारा शोधला, त्याला भांडवल उभं करता आलं नाही, आणि २०१५ च्या जुलैमध्ये गाडी थांबली. मिसानाबी क्री या आदिवासी राष्ट्राने तेव्हापासून 'मास्क्वा ऊताबान', म्हणजे अस्वलगाडी, या नावाने ती स्वतः चालवण्याचा प्रस्ताव धरून ठेवलाय. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण २०२२ मध्ये सीएनने सूपासून वाटेतल्या ओबा गावापर्यंतचा मार्ग दुसऱ्या कंपनीला विकला, त्यामुळे आता सूपासून हर्स्टपर्यंत सलग जायचं तर प्रश्न एका मालकाशी सुटणारा राहिला नाही. आणि गाडी बंद झाली की प्रवासी गाडीच्या वेगासाठी लागणारी देखभाल सुटते. मालगाडी ताशी चाळीसने गेली तरी तिचं भागतं. दहा वर्षांनी प्रवासी गाडी चालवायची म्हटलं की स्लीपरपासून सुरुवात करावी लागते. वऱ्हाडातल्या आपल्या शकुंतला गाडीचं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी थांबली की झाडोरा रुळांत शिरायला दोन पावसाळे पुरतात. तुमच्या टिमिन्सलाच बघा. जुनं रेल्वे स्टेशन गावाच्या मध्यात आहे, आज तिथे बस थांबते. रूळ उखडले गेले, म्हणून नवं स्टेशन पूर्वेला पॉर्क्युपाइनमध्ये बांधावं लागतंय.

मग दुर्गम उत्तरेत गाड्या टिकल्या तरी कुठे? जिथे रस्ता नाही आणि जिथे रूळ गावकऱ्यांच्या हातात आले, तिथे.

कॉक्रेनहून मूसोनीला जाणारी पोलर बेअर एक्सप्रेस बघा. जवळपास ३०० किलोमीटर, रूळ १९३२ पासूनचे, आणि मूसोनीला आजही बाहेरून रस्ता नाही. एका फेब्रुवारीत मी सामानाच्या डब्याजवळ उभा राहून माल चढताना बघत होतो. वॉशिंग मशीन, लहान मुलांच्या डायपरचे खोके, एक स्नोमोबिल, कुणाच्या तरी लग्नाचा केक दोन माणसांनी हातांवर तोललेला, दवाखान्याहून परतणाऱ्या आजींची चाकाची खुर्ची. क्री भाषेत कुणीतरी केकवाल्यांना ओरडून सांगत होतं, सगळे हसले. या गाडीला प्रवासीसंख्या विचारून चालत नाही. २०१२ मध्ये नॉर्थलँडर बंद केली तेव्हाही ही बंद करायची कुणाची हिंमत झाली नाही.

मॅनिटोबातलं चर्चिल त्याहून बोलकं. विनिपेगहून सतराशे किलोमीटर, रूळ १९२९ मध्ये पोचले, शेवटचा टप्पा कायम गोठलेल्या जमिनीवरून. २०१७ च्या मे महिन्यात पुराने वीसेक ठिकाणी भराव वाहून गेला. मालक अमेरिकन कंपनीने दुरुस्ती परवडत नाही म्हणून हात वर केले. आठ-नऊशे माणसांचं गाव दीड वर्ष रेल्वेविना राहिलं. दूध, भाजी विमानाने येऊ लागली. शेवटी २०१८ मध्ये आदिवासी राष्ट्रं आणि तिथल्या गावांनी भागीदारांबरोबर मिळून रेल्वे विकत घेतली, केंद्राने ११ कोटी ७० लाख डॉलर दिले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला प्रवासी गाडी चर्चिलला पोचली. त्या रकमेत विकत घेणं आणि दुरुस्ती तर होतीच, पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चाचाही वाटा होता. या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. नुसती दुरुस्ती करून दिली असती तर तीन वर्षांत पुन्हा तीच वेळ आली असती.

क्वेबेकमधली शेफरव्हिलची गाडी तर २००५ पासून तिथल्या इन्नू आणि नॅस्कापी राष्ट्रांच्याच मालकीची आहे. लोहखनिजाच्या कंपनीने रूळ एका डॉलरला दिले. कंपनीचं नाव 'त्शुएतिन', इन्नू भाषेत उत्तरेचा वारा. एक डॉलरला मिळालेला रूळ सांभाळायला मात्र दरवर्षी सरकारी पैसा लागतोच, आणि तो ठरावीक मिळतो म्हणून गाडी चालते.

टिमिन्स या दोन्हींत बसत नाही. तुमच्याकडे रस्ता आहे, विमानतळ आहे, ४१ हजारांची वस्ती आहे. रस्ता आहे हीच तुमच्या गाडीची कमजोर बाजू, कारण कुणीही म्हणू शकतं, बसने जा. ती बस मी घेतलेली आहे. इंगलहार्टला पहाटे पेट्रोल पंपापाशी उतरून एक बाई, सत्तरीच्या असतील, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, पुढच्या बससाठी उभ्या होत्या. बसायला जागा नव्हती. मी माझी बॅग उभी करून दिली, तिच्यावर त्या टेकल्या. रेल्वेत त्यांना चालता आलं असतं, शौचालयाला जाता आलं असतं, पाय लांब करता आले असते. हृदयाच्या, गुडघ्याच्या, डायलिसिसच्या पेशंटसाठी बस आणि रेल्वे यांत हा फरक आहे, आणि प्रवासीसंख्येच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. माझ्या मते नॉर्थलँडरची बाजू कुणी मांडायचीच तर ती इथून मांडावी.

आता तुम्ही काय करावं. गाडी सुरू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात तपासणी गाडी पोचते त्याच दिवशीची घेऊ नका. एक रात्र टोरांटोत काढा. सासूबाईंचं ओएचआयपी (प्रांताचा आरोग्य विमा) कार्ड आलं असेल तर नॉर्दर्न हेल्थ ट्रॅव्हल ग्रँटचा अर्ज भरा. एका बाजूचं अंतर १०० किलोमीटरहून जास्त असलं की प्रवासाचा काही खर्च परत मिळतो, आणि मुक्कामाचाही भत्ता असतो. अर्जावर कुणाकुणाच्या सह्या लागतात ते आधी बघा आणि टोरांटोच्या तज्ज्ञांची सही त्याच भेटीत घ्या, नाहीतर नुसत्या सहीसाठी पुन्हा फोनाफोनी होते. तिकीट काढताना चाकाच्या खुर्चीची जागा आधी सांगून ठेवा. पॉर्क्युपाइनला उतरल्यावर घरी न्यायला कोण येणार हे आधीच ठरवा, रात्री तिथे टॅक्सी मिळेलच असं नाही. आणि तुमची मोटार विकून टाकू नका. दोन हिवाळे जाऊ द्या, उशिराची सरासरी किती येते ते वहीत टिपा, मग ठरवा.

अजून एक विनंती. गाडी सुरू झाली की दर वेळी सासूबाईंच्या नावाचं तिकीट काढा, दवाखान्यासाठी प्रवास केला असं चालवणाऱ्यांना लिहून कळवा, प्रवाशांची पाहणी आली तर भरा. आम्ही अहवाल लिहायला बसतो तेव्हा आमच्यापुढे फक्त तेवढंच असतं. २०१२ च्या आधी त्या गाडीने दवाखान्यात जाणारे किती होते, हे आम्हाला कुठेच लिहिलेलं सापडलं नाही.

सासूबाईंना नमस्कार सांगा. खिडकीची जागा उजवीकडची मागा की डावीकडची, हे गाडी सुरू झाली की इथेच लिहीन. टेमागामीजवळची तळी चुकायला नकोत.